क्षारांचे नावाडी



'क्षार कमी झालेत' किंवा 'क्षार वाढलेत' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं असतं. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेलं मूल असो, उन्हात काम करून चक्कर आलेला मजूर असो, की मूत्रपिंडाचा विकार जडलेलं घरातलं वडीलधारं माणूस असो. रक्त तपासायला जातं आणि कागदावर दोन नावं हमखास येतात. सोडियम आणि पोटॅशियम. आपण आकडा बघतो, शेजारी छापलेली मर्यादा बघतो आणि कागदाची घडी घालून ठेवून देतो. आज मला बोलायचं आहे ते या क्षारांना इकडून तिकडे नेणाऱ्या काही चिमुकल्या नावाड्यांबद्दल. हे नावाडी म्हणजे एका वेगळ्या जातीची प्रतिजैविकं, आपल्या रोजच्या बोलीत अँटिबायोटिक्स.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहितो. या विषयाकडे वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही आपा म्हणतो. गेली काही वर्षं तिचं डायलिसिस चालू आहे आणि दर थोड्या दिवसांनी तिचं पोटॅशियम मोजावं लागतं. जन्म कोकणात खाडीकाठी गेला, आणि डॉक्टर म्हणतात, "आपा, शहाळं बंद." कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकली नाहीत, की ते रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडवतं. आकडा साडेतीन ते पाचच्या दरम्यान असला की घरात सगळे मोकळा श्वास घेतात. सहाच्या पुढं सरकला, की धावपळ सुरू.

एकदा लॅबमधल्या मुलाला मी विचारलं, "बाबा रे, रक्तात सोडियम पोटॅशियमच्या तीसपट असतं म्हणतात. मग त्या गर्दीत तुझ्या यंत्राला पोटॅशियम तेवढं वेगळं कसं सापडतं?"

तो म्हणाला, "चाचा, आत एक पातळ पापुद्रा असतो. त्यात व्हॅलिनोमायसिन घातलेलं असतं. ते पोटॅशियमला ओळखतं."

"ते काय असतं?"

"अँटिबायोटिक आहे. पण माणसाला देत नाहीत."

माणसाला न देता येणारं औषध माणसाचा जीव राखायच्या कामी यावं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मग मी मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी पेशीकडे बघू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या बाहेर सोडियम जास्त आणि आत पोटॅशियम जास्त अशी वाटणी असते. रक्तात लिटरमागे सोडियम सुमारे १४० मिलिमोल आणि पोटॅशियम चार-साडेचार. पेशीच्या आत बरोबर उलटं. पोटॅशियम १४०च्या आसपास आणि सोडियम दहा-पंधरा. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलात प्रथिनांचे पंप बसवलेले आहेत. ते एका वेळी तीन सोडियम बाहेर काढतात, दोन पोटॅशियम आत ओढतात आणि त्यासाठी इंधन जाळतात. डेन्मार्कच्या जेन्स स्काऊ यांनी १९५७ साली हा पंप दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपण गाढ झोपेत असतो तेव्हाही हे पंप चालूच असतात. मज्जातंतूंतून जाणारा संदेश, हृदयाचा ठोका, बोटाची हालचाल, हे सगळं या तफावतीच्या जोरावर चालतं. धरणाच्या भिंतीमागं पाणी चढलेलं असतं म्हणून खाली वीज तयार होते, तसंच हे.

आता ही भिंत कशाची? पेशीचं पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं, म्हणजे तेलाच्या जातीचं असतं. जाडी म्हणाल तर एका मिलिमीटरचे दोन लाख भाग करा, त्यातला एक. एवढं पातळ पटल क्षारांना अडवतं कसं? फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा. ते विरघळत नाही, तळाशी जाऊन बसतं. पाण्यात मात्र तेच मीठ क्षणात दिसेनासं होतं. याचं कारण असं, की पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि पाण्यात उतरलेल्या सोडियम-पोटॅशियमच्या कणांवर धन भार असतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आयनाकडे वळवून त्याच्याभोवती कोंडाळं करतात. हे कोंडाळं सोडून एकट्यानं तेलात उतरायचं, तर आयनाला फार मोठी ऊर्जा खर्च करावी लागते. ती त्याच्यापाशी नसते. म्हणून तो काठावरच राहतो.

खाडीच्या काठावर उभ्या असलेल्या उतारूसारखी त्याची अवस्था असते. पलीकडचं गाव समोर दिसतंय, पण तर आल्याशिवाय जाता येत नाही. ही तर कोण चालवतं, ते आता सांगतो.

पहिला पाऊस पडला की मातीला जो वास सुटतो, त्यावर आम्हा कवींनी किती ओळी खर्च केल्या असतील याचा हिशेब नाही. तो वास बव्हंशी स्ट्रेप्टोमायसिस या जातीच्या जिवाणूंचा. मूठभर मातीत ते अगणित संख्येनं असतात. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन आपल्याला याच कुळातून मिळालं. मातीत जागेसाठी आणि अन्नासाठी अखंड झुंज चालू असते आणि हे जिवाणू नाना तऱ्हेची रसायनं तयार करतात. त्यांतलंच एक रसायन जर्मनीतल्या ब्रोकमान आणि श्मिट-कास्टनर या दोघांनी १९५५ साली वेगळं काढलं. त्याच्या घडणीत व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल होतं, म्हणून नाव ठेवलं व्हॅलिनोमायसिन.

त्याची रचना काय असावी याबद्दलचा पहिला अंदाज आठ घटकांच्या कड्याचा होता. मॉस्कोमध्ये शेम्याकिन, ओव्हचिन्निकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं कडं प्रयोगशाळेत बनवून पाहिलं, तर ते निष्क्रिय निघालं. मग त्यांनी बारा घटकांचं कडं बनवलं आणि ते हुबेहूब खऱ्या व्हॅलिनोमायसिनसारखं वागलं. ही १९६३ची गोष्ट. चार घटकांचा एक नमुना, तो तीनदा गुंफलेला, आणि दोन्ही टोकं जोडून झालेली बांगडी.

या बांगडीचं काम कळलं ते पुढच्या वर्षी, अमेरिकेत. बर्टन प्रेसमन आणि त्यांचे सहकारी मूर पेशीतल्या तंतुकणिकांवर प्रयोग करत होते. तंतुकणिका म्हणजे पेशीची वीजघरं. त्यांच्या द्रावात व्हॅलिनोमायसिनचा नुसता अंश पडला आणि तंतुकणिका भराभर पोटॅशियम आत ओढू लागल्या. सोडियम मात्र जिथल्या तिथं राहिलं. भिंत फुटली असती तर सगळेच क्षार शिरले असते. इथं कुणीतरी निवडून एकालाच पार करत होतं.

ही निवड कशी होते ते समजून घ्यायला बांगड्यांचाच दाखला बरा पडतो. मणियार हात हातात घेतो, जरा दाबून बघतो आणि माप सांगतो. मोठी बांगडी हातात ठरत नाही, लहान चढत नाही. व्हॅलिनोमायसिनच्या बांगडीच्या आतल्या बाजूला सहा ऑक्सिजन अणू तोंड आत करून बसलेले असतात. त्यांच्यामध्ये जी पोकळी उरते ती बरोबर पोटॅशियमच्या मापाची. पाण्याचे रेणू पोटॅशियमला जसं ऑक्सिजननं वेढून होते, तसंच हे सहा ऑक्सिजन त्याला वेढतात. पाण्याचा एकेक रेणू सुटत जातो, त्याच्या जागी बांगडीचा एकेक ऑक्सिजन येत जातो. आयन एका क्षणासाठीही उघडा पडत नाही, त्यामुळं पाणी सोडण्याची किंमत त्याला एकदम मोजावी लागत नाही. बांगडीची बाहेरची बाजू मात्र सगळी तेलकट. पटलाला ती परकी वाटत नाही. आत आयन, बाहेर तेलाचा अंगरखा, अशा वेषात पोटॅशियम पलीकडे उतरतं. बांगडी रिकामी होऊन परत येते आणि पुढचा उतारू घेते. एक रेणू सेकंदाला दहा हजारांच्या घरात फेऱ्यांची कामगिरी करतो.

मग सोडियम का नाही? सोडियम आकारानं लहान. सहाही ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि बांगडीची ठेवण अशी घट्ट, की ती आणखी आवळता येत नाही. शिवाय लहान असल्यामुळं सोडियम पाण्याला जास्त घट्ट धरून असतं. सैल बांगडीसाठी ते पाण्याची साथ सोडायला तयार होत नाही. या दोन कारणांनी व्हॅलिनोमायसिन सोडियमपेक्षा पोटॅशियमला हजारोंच्या पटीनं पसंती देतं.

प्रेसमन यांनी अशा रेणूंना 'आयनोफोर' हे नाव दिलं. आयनाला वाहून नेणारा, आयनवाहक. यातला 'फोर' हा तुकडा ग्रीक भाषेतला, वाहून नेणे या अर्थाचा. आपण रूपकाला इंग्रजीतून 'मेटाफर' म्हणतो, त्यातही तोच धातू आहे. अर्थाला एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारं ते मेटाफर. हे वाचलं तेव्हा रसायनशास्त्रज्ञ मला आपल्याच बिरादरीतले वाटू लागले.

पण हा नावाडी मारतो कसा? त्यासाठी वीजघराकडे परत जावं लागेल. इंग्लंडमधल्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली असा विचार मांडला, की तंतुकणिका आपल्या आतल्या पटलाच्या एका बाजूला धन भार साठवते आणि तो परत येताना त्याच्या जोरावर पेशीचं इंधन बनवते. अनेक वर्षं तो पुष्कळांना पटला नाही. तो तपासून पाहण्याच्या कामी पुढं व्हॅलिनोमायसिन हे संशोधकांच्या हातचं एक हत्यार झालं. १९७८ साली मिचेल यांना नोबेल मिळालं. आता कल्पना करा, या पटलात व्हॅलिनोमायसिन शिरलं. आतल्या ऋण भाराकडं ओढलं जाणारं पोटॅशियम धन भार घेऊन आत येत राहतं. साठवलेला विद्युतदाब उतरतो. पाठोपाठ पाणी शिरतं, तंतुकणिका फुगते आणि इंधन बनणं थांबतं. जिवाणूंना तंतुकणिका नसतात, पण त्यांचं स्वतःचं पटल हेच काम करत असतं. म्हणून तेही मरतात.

इथं भिंत शाबूत राहते, दरवाजे शाबूत राहतात, पंपसुद्धा शाबूत राहतात. फक्त पहारेकऱ्याला न विचारता ये-जा सुरू होते. पेशीचं जगणं आत-बाहेरच्या तफावतीवर उभं असतं आणि ती तफावत पुसली, की पेशी संपते.

जिवाणूच्या आणि आपल्या पटलांत व्हॅलिनोमायसिनला फरक कळत नाही, म्हणून ते औषध म्हणून देता येत नाही. पण झुरिचच्या विल्हेल्म सिमॉन यांच्या प्रयोगशाळेनं १९६६च्या सुमारास त्याचा दुसरा उपयोग शोधला. रेणू जर पोटॅशियम इतकं नेमकं ओळखतो, तर त्याला मारायला न लावता मोजायला लावावं. एका पापुद्र्यात व्हॅलिनोमायसिन मिसळायचं आणि एका बाजूला रक्ताचा नमुना ठेवायचा. पोटॅशियम जितकं जास्त, तितका पापुद्र्यावरचा विद्युतदाब बदलतो. तो मोजला की आकडा मिळतो. आज जगभरच्या रुग्णालयांतली असंख्य यंत्रं याच तत्त्वावर पोटॅशियम मोजतात.

सगळ्याच नावाड्यांची रीत एक नसते. मोनेन्सिन नावाचा दुसरा एक रेणू १९६७ साली जगापुढं आला. तोही स्ट्रेप्टोमायसिसच्याच कुळातला. हा बांगडीसारखा बंद नाही; सरळ साखळी आहे, पण सोडियम दिसलं की त्याच्याभोवती गुंडाळी करून दोन्ही टोकं जुळवून घेतो. तो सोडियमला पसंती देतो आणि रिकाम्या हातानं परतत नाही. सोडियम आत सोडतो आणि येताना हायड्रोजनचा आयन घेऊन बाहेर येतो. आत साचलेलं सोडियम उपसता उपसता जिवाणू इंधन संपवून बसतो.

मोनेन्सिन आणि त्याची भावंडं, म्हणजे सॅलिनोमायसिन, नारासिन वगैरे, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. आतड्यांत रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडियोसिस या रोगाचे परजीवी त्यानं मरतात. आपल्याकडच्या कुक्कुटपालकांनाही ही नावं नवी नाहीत. काही देशांत गुरांच्या खाद्यातही मोनेन्सिन देतात. त्यानं पोटातल्या जिवाणूंचा मेळ बदलतो, मिथेन वायू कमी होतो आणि खाल्लेला चारा अधिक अंगी लागतो. पण हेच मोनेन्सिन घोड्याला विष आहे. कोंबडीच्या बाबतीत घातक मात्रा वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, तर घोड्याला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम पुरे होतात. त्याच्या हृदयाचे स्नायूच निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. कोंबड्यांचं किंवा गुरांचं खाद्य नजरचुकीनं घोड्यांपुढं गेलं आणि घोडे दगावले, अशा नोंदी अनेक देशांत आहेत. पोल्ट्री आणि घोडा एकाच आवारात असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

युरोपीय संघानं २००६च्या सुरुवातीपासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून मोनेन्सिन देणं बंद केलं. कोंबड्यांच्या रोगावर देणं मात्र चालू ठेवलं. ही औषधं माणसाला देत नाहीत, तेव्हा त्यांच्यामुळं माणसाच्या औषधांना धोका नाही, असं पुष्कळ काळ मानलं जाई. पुढं असं दिसून आलं, की काही जिवाणूंमध्ये नारासिनला दाद न देणारी जनुकं आणि व्हँकोमायसिनला दाद न देणारी जनुकं एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी असतात. व्हँकोमायसिन हे तर माणसाच्या गंभीर संसर्गांतलं राखून ठेवलेलं अस्त्र. एकाला खुराक मिळाला की दुसरंही टिकून राहू शकतं. नॉर्वेतल्या कुक्कुट व्यवसायानं २०१६ पर्यंत नारासिन वापरणं थांबवलं, त्यामागं हीच चिंता होती.

नावाड्याशिवाय पलीकडे जायचा आणखी एक मार्ग असतो, तो पुलाचा. न्यूयॉर्कमध्ये रेने द्युबो यांनी १९३९ साली मातीतल्या एका जिवाणूपासून ग्रामिसिडिन मिळवलं. त्याचे दोन रेणू पटलात टोकाला टोक लावून उभे राहतात आणि मधून बोगदा तयार होतो. त्यातून सेकंदाला कोटीभर आयन जाऊ शकतात, नावाड्याच्या हजारपट. रक्तात दिलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ते फक्त वरून लावायच्या मलमात किंवा डोळ्यांच्या थेंबांत वापरतात.

हा नावाडी आणि हा पूल, हे कळलं कसं? १९७१ साली अमेरिकेत सॅली क्रास्ने, जॉर्ज आयझेनमन आणि गॅबॉर साबो यांनी एक साधा प्रयोग केला. कृत्रिम पटल थंड करत करत गोठवलं. तूप थिजतं तसं ते थिजलं. त्याबरोबर व्हॅलिनोमायसिनची वाहतूक ठप्प झाली आणि ग्रामिसिडिनची चालू राहिली. खाडी गोठली तर तर अडकते, पुलाचं काही बिघडत नाही. आमच्या गावाकडं आता बऱ्याच खाड्यांवर पूल झाले आहेत, त्यामुळं हा फरक मला कुणी वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या डॉ. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवरचं एक औषध मिळवलं. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव हॅमायसिन, आणि जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आपल्या पटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल. हॅमायसिन एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरतं, पटल गळकं होतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पिंपरीच्या मातीचं नाव शास्त्राच्या यादीत असं कायमचं जाऊन बसलं.

पोटॅशियमची ही बांगडी निसर्गानं आणखी एका जागी वापरली आहे. अमेरिकेच्या रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली पोटॅशियमच्या एका दरवाज्याची रचना उलगडली आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या दरवाज्याच्या अरुंद वाटेत ऑक्सिजन अणू असे रांगेनं बसवलेले आहेत, की पोटॅशियमला आपण पाण्यातच आहोत असं वाटावं. सोडियमला ते माप सैल होतं. युक्ती तीच, व्हॅलिनोमायसिनची. आणि ज्या जिवाणूचा हा दरवाजा त्यांनी तपासला तोही एक स्ट्रेप्टोमायसिसच. असेच दरवाजे आपल्या हृदयात आणि मेंदूतही आहेत. फरक इतकाच, की पेशीचा दरवाजा वेळ बघून उघडतो आणि मिटतो. व्हॅलिनोमायसिन फेरी थांबवत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थेट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. व्हॅलिनोमायसिनचं एक सख्खं भावंड शिळ्या भातात तयार होऊ शकतं.

बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत असतो, तिथून तांदळावर येतो. त्याचे बीजाणू इतके टणक, की भात शिजताना उकळत्या पाण्यातही काही तगून राहतात. भात गरम असतो तोवर ते गप्प असतात. पातेलं ओट्यावर तसंच राहिलं, मधला भात तासन् तास कोमट राहिला, की बीजाणूंतून जिवाणू उगवतात, वाढतात आणि त्यांच्या काही जाती सेरेयुलाइड नावाचं विष तयार करतात. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात त्याची रचना शोधली, तर तीही बारा घटकांची बांगडी निघाली. चारांचा नमुना तीनदा. हा रेणूही पोटॅशियमच वाहून नेतो.

इंग्लंडमधल्या चिनी उपाहारगृहांत परतलेला भात खाऊन लोकांना उलट्या झाल्याचे प्रकार १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ध्यानात आले. तिथं भात ढिगानं शिजवून रात्रभर बाहेर ठेवायचे आणि मागणी आली की परतून द्यायचे. तव्यावर जिवाणू मरतो, पण सेरेयुलाइड मरत नाही, कारण ते जिवंत नाहीच. १२१ अंश तापमानावर तास-दीड तास ठेवलं तरी ते टिकतं. घरातला प्रेशर कुकरही त्याच्यापुढं हरतो. त्याला वास नाही, चव नाही.

बहुतेकांना याचा त्रास खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत सुरू होतो आणि एक दिवसात थांबतो. क्वचित मात्र हा नावाडी यकृताच्या तंतुकणिकांत पोचतो. बेल्जियममधल्या एका कुटुंबाची हकिकत २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. सहलीसाठी पास्ता करून नेला, उरलेला परत आणून फ्रिजमध्ये ठेवला आणि दोन दिवसांनी मुलांनी खाल्ला. तो फ्रिज नीट थंड होत नव्हता. आत १४ अंश तापमान होतं. पाच मुलं आजारी पडली आणि सात वर्षांची सगळ्यांत धाकटी मुलगी यकृत निकामी होऊन गेली.

श्रोतेहो, हे सांगण्याचा उद्देश तुम्हाला घाबरवण्याचा नाही. फोडणीचा भात आपल्या कितीतरी घरांची न्याहारी आहे, माझ्याही. तो दर वेळी बाधत नाही. पण आपण पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट धरून आलो आहोत, की पुन्हा सणसणीत गरम केलं की अन्न शुद्ध होतं. या एका विषापुरती ती समजूत खरी नाही. जे करायचं ते आधी, रात्रीच करायला हवं. लग्नाच्या दावतीतली उरलेली बिर्याणी असो की घरातला पातेलंभर भात, तो पसरट ताटांत काढून लवकर निववावा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज खरोखर गार होतो आहे ना, हे बघावं. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत तर विशेष बघावं. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात लहान मुलांच्या ताटात वाढू नये, मग वास कितीही चांगला येवो.

अन्न टाकणं आपल्या कुणाच्याच घरात पाप मानतात. ते टाकायची वेळ येऊ नये म्हणून तर रात्री झोपण्याआधी ही पाच मिनिटं काढायची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)